तळातलं सँपल

नानूकाका तांदूळ घ्यायला आले की बाजारातला दुकानदार पोत्याचं तोंड आपणहून मोकळं करून देतो. काका बाही वर सारतात, कोपरापर्यंत हात पोत्यात घालतात आणि तळाची मूठ वर काढतात. वरच्या तांदळाकडे ते बघतसुद्धा नाहीत. "वरचं सँपल फसवतं," हे त्यांचं वाक्य रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या अख्ख्या आळीला पाठ आहे.

काका आमचे शेजारी. मूळचे पेणच्या खाडीकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. रोह्याला कंपनीच्या लॅबमध्ये तीस वर्षं मालाचे नमुने काढायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून ते जग तपासू लागले. एकदा कुणाच्या मुलीसाठी स्थळ बघायला त्यांना नेलं, तर मुलाशी एक शब्द न बोलता ते त्याच्या घरच्या कामवालीशी गप्पा मारत बसले. स्थळ मोडलं. ती मुलगी अजून त्यांना दिवाळीचा फराळ पाठवते.

यंदा माझी तन्वी बारावी कॉमर्स झाली. फायनान्समध्ये जायचं हे तिचं पक्कं होतं, वाट मात्र पक्की नव्हती. बीबीए, बीएमएस, बीएएफ अशा अक्षरांनी महिनाभर घरात उच्छाद मांडला. माझा नवरा शिफ्टवरून आला की चपला काढता काढता विचारायचा, "आज कुठली अक्षरं?" शेवटी दोन जागा उरल्या. एक, पनवेलच्या पलीकडच्या नव्या कोऱ्या इन्स्टिट्यूटमधलं फायनान्सचं बीबीए, हॉस्टेलसकट. दुसरी, पेणच्या साध्या कॉलेजातलं बीएएफ, म्हणजे अकाउंटिंग अँड फायनान्सचं बी.कॉम. तन्वीचा जीव पहिल्यात अडकला होता. तिथल्या माहितीपुस्तकात काचेची इमारत होती, कोट घातलेली मुलं होती. आम्हा दोघांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि पोरीची तीन वर्षं पणाला लागली होती. मला जेवण जाईना. प्रवेश घ्यायला चार दिवस उरले होते.

काकांनी ते पुस्तक उलटंपालटं केलं. "हे वरचं झालं गो. तळाचं कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका, तन्वी आणि मी निघालो. इन्स्टिट्यूटमध्ये एका टायवाल्या साहेबांनी आम्हाला गार कॉफी दिली आणि मोठ्या पडद्यावर फिल्म लावली. फिल्म अर्ध्यावर असताना काका "पानी पिऊन येतो" म्हणून उठले, ते आलेच नाहीत. शोधत गेलो तर कँटीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या घोळक्यात बसून वडापाव खात होते.

"इंटर्नशिपला काय शिकलास रं?" त्यांनी एकाला विचारलं.

"काका, दोन महिने फोनवरून क्रेडिट कार्डं विकली."

"आन् कंपनीचा ताळेबंद वाचता येतो?"

मुलगा हसला. "परीक्षेपुरता."

तन्वी माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती.

तिथून गाडीने पेणला आलो. कॉलेजचा रंग उडालेला, पंखा करकरणारा. तन्वीचं तोंड उतरलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "वर्ग चालू आहे, मागे बसा." काका शेवटच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून बसले. फळ्यापाशी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी सांगत होती की कंपनीला कागदावर नफा दिसतो, तरी कधी कधी हातात पैसा नसतो.

"मग पगार कुठून देतात?" तन्वीच्या तोंडून निघून गेलं. सगळा वर्ग मागे वळला.

"तेच सांगतेय," ती मुलगी म्हणाली आणि तिने फळा पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडलं. तन्वी आपल्या नकळत पुढच्या बाकावर सरकली.

वर्ग सुटल्यावर काकांनी मॅडमना गाठलं. शेवटच्या वर्षाच्या मुली दुपारी गावातल्या सीएंच्या ऑफिसात काम शिकतात, हे काढून घेतलं. तेवढ्यावर न थांबता एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावायला लावला. ती म्हणाली, "पहिलं वर्ष जड जातं. पण मुलाखतीत मला पदवीचं नाव विचारलं नाही. आकडे पुढ्यात ठेवले आणि बोल म्हणाले."

परतीच्या गाडीत नागोठणं गेल्यावर तन्वी म्हणाली, "आई, मला पेणला जायचंय."

"काका म्हणतात म्हणून?"

"काका कुठे काय म्हणाले? तिकडे मला फिल्म दाखवली. इथे मला प्रश्न विचारता आला."

महिनाभर छातीवर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलला असं मला वाटलं. काका खिडकीबाहेर बघत होते, जणू ते आमच्याबरोबर नव्हतेच. घरी येऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तन्वी आली तेव्हा काका आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. मला वाटलं, आता शिक्षकांची उलटतपासणी होणार.

"डबा कोनाबरोबर खाल्लास गो?" त्यांनी विचारलं.

"दोघी होत्या. एक जिते गावची, एक पेणचीच."

"एकत्र बसलात?"

"हो."

"मग बरं झालं."

तन्वी हसली. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "माझ्या सुमनला मी हॉस्टेलात टाकली व्हती. कॉलेजचा फोटो चांगला व्हता. फॉर्मवर सही केली, सोडून आलो, पुन्हा बघाया गेलो नाय. वर्षभर पोर एकटी जेवली. मला तिचं लगीन झाल्यावर कळलं."

सुमनताई गुजरातेत नोकरी करतात. दर रविवारी बापलेकीचं फोनवर बोलणं होतं. तब्येत, पाणी, हवा, दोन मिनिटांत संपतं. काकू गेल्यापासून तर तेवढंच.

"आज लावू या का ताईला फोन?" तन्वी म्हणाली.

"आज रविवार नाय."

"म्हणून तर."

काकांनी नको म्हणेपर्यंत तिने त्यांचा मोबाइल घेऊन स्पीकरवर नंबर लावला होता.

"बाबा? आज कसा काय फोन? बरं हाय ना?" सुमनताईंचा आवाज घाबरलेला.

"बरं हाय." काका घुटमळले. "दुपारी जेवताना तुझ्यासंगती कोन असतं गो?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग सुमनताई म्हणाल्या, "थांबा बाबा, जरा बसते आन् सांगते." आणि त्या सांगू लागल्या. कोण कुठली, कुणाच्या डब्यात काय असतं, कोण कुणाची भाजी पळवतं.

मी तन्वीला खुणेने आत बोलावलं आणि चहा टाकला. चहा उकळून गार झाला, तरी ओट्यावरून काकांचं "मंग?" ऐकू येत होतं.