दहावा गोळा

"पाच वाजेपर्यंत माझं दार कुणी वाजवायचं नाही," असं बजावून सूनबाई कॉम्प्युटरपुढे बसली. दहा चित्रं पाचच्या आत पोचली तर गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, नाहीतर पुन्हा वर्षभर वाट बघणं. चित्रं कसली, ते अण्णांनी विचारलंच नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, सूनबाईच्या चित्रांत कशाला डोकं घालेल!

पावणेचारच्या सुमारास ते बातम्या बघायला हॉलमध्ये आले, तर टीव्ही आपोआपच चालू. काळ्याकुट्ट पडद्यावर नुसता एक गोळा. आवाज नाही, माणूस नाही. गोळा लाकडाचा होता. मग तो गंजक्या लोखंडाचा झाला, मग काचेचा, आणि मग चक्क कातडीचा.

अण्णांनी रिमोट दाबला. टीव्ही ढिम्म. कातडीवर पांढरी खुंटं उगवू लागली, एकेक करून. उजवीकडे तीळ उमटला. शेजारी जुन्या टाक्यांची वाकडी खूण. अण्णांचं धाबं दणाणलं. ते त्यांचंच टक्कल होतं, फक्त खाली तोंड नव्हतं! तेवढ्यात तीळ पुसला गेला.

अण्णा स्वयंपाकघरात धावले. "अगं, माझ्या डोक्यावर तीळ आहे का बघ!"

बायकोने चष्मा न लावताच डोक्यावरून हात फिरवला. "नाही हो. होता का कधी?"

"इतकी वर्षं बघतेयस ना?"

"तुमचं टक्कल बघत बसायला मला वेळ कुठे होता?"

अण्णा परतले, तर टाक्यांची खूणही गेलेली, आणि कुणीतरी अंगठा दाबावा तसा टाळूवर खळगा पडत होता. त्यांनी धावत जाऊन घराचा मेन स्विचच पाडला. फ्रिजसुद्धा गप्प झाला. आणि बंद खोलीतून किंकाळी आली.

"लाइट कुणी घालवली? माझा दहावा गोळा गेला! सेव्ह नव्हता केला!"

मग उलगडा झाला. एकच गोळा दहा वस्तूंचा करून दाखवायचा होता, शेवटचा कातडीचा. चुकीचं बटण दाबलं गेलं आणि तिच्या कॉम्प्युटरचा पडदा हॉलमधल्या टीव्हीवर दिसू लागला.

"पण माझंच डोकं का?"

"रोज जेवायला वाढताना समोर असतं, बाबा. पाठ झालंय."

"मग तीळ कशाला पुसलास?"

"कुणी ओळखू नये म्हणून!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता कुठली नोकरी? तासाभरात आठवून नाही जमणार."

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेन स्विच पुन्हा चालू करून, "आठवतेस कशाला? हे घे," म्हणत ते तिच्या खोलीत दिव्याखाली मान खाली घालून बसले. पण समोरच्या कपाटाच्या काचेत कॉम्प्युटरच्या पडद्याचं प्रतिबिंब दिसतच होतं. तिथे त्यांचं बिनतोंडाचं डोकं पुन्हा हळूहळू तयार होत होतं. पळून जावंसं वाटत होतं, पण सुनेसाठी ते हलले नाहीत. पाचला दोन मिनिटं असताना चित्रं गेली.

सहा वाजता कंपनीतून फोन आला. "नऊ गोळे ठीक आहेत. पण दहावा! त्या कातडीवर भीतीने आलेला काटा इतका खरा कसा जमला?"

सूनबाईने अण्णांकडे बघितलं. "नमुना घरातच आहे."

"सोमवारपासून या. पहिलं काम डोळ्यांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चहाला काळा गॉगल लावून आले.