गिरणीच्या पट्ट्याचा ब्रेक

जुन्या डर्ट बाईकचा असा एकही सुटा भाग नाही, जो मी घरी बनवू शकत नाही! एकही नाही! हे वाक्य मी हल्ली भिंतीला टेकून, हळू आवाजात म्हणतो, कारण कंबर अजून सरळ व्हायची आहे. पण तेव्हा उदगीरच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात, भर गिऱ्हाइकीत, छाती काढून म्हणालो होतो.

डर्ट बाईक म्हणजे चिखलात आणि ढेकळांत उड्या मारायला बनवलेली उंच गाडी. माझी हैदराबादहून जुनी आणलेली. कंपनीनं ती बनवणं कधीच सोडून दिलंय, त्यामुळे काही मोडलं की बाजारात मिळत नाही. मग मी घरीच, स्वस्तात बनवायला लागलो. मडगार्ड परात कापून केलं. हवेच्या फिल्टरला चहाच्या गाळणीची जाळी लावली. किकचा दांडा तुटला, तर लोखंडी बत्ताच वेल्डिंग करून घेतला.

"आवं, खल हाय, बत्ता कुठं गेला?" शिवानीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"गाडीला बसवला."

"मग खलबी घेऊन जावा! हेल्मेट करा!"

संसारात एवढं चालायचंच. माझं खरं काम अप्पांकडे, म्हणजे वडिलांकडे होतं. दुकानाचा एक कोपरा मला हवा होता. 'जुन्या डर्ट बाईकचे घरगुती सुटे भाग' अशी पाटी लावायची आणि साऱ्या मराठवाड्याला माल पुरवायचा!

"माझ्या दुकानात भंगार नको," अप्पा म्हणाले.

"भंगार न्हाई अप्पा, गाडी पळती!"

"बरं. मी बसतो मागं. देगलूर रोडच्या शेतात नेऊन आण. पर कुठंबी ढकलायची पाळी आली, तर गाडी तिथनंच भंगारवाल्याकडं. मंजूर?"

"मंजूर!" मी म्हणालो. कोपरा मिळाला नसता तरी चाललं असतं हो, पण त्या गाडीवर माझा जीव आहे. ती गेली असती तर मी जेवलो नसतो.

म्हणून आदल्या दिवशी ब्रेक नवे केले. फक्त मागचेच, कारण पुढचा ब्रेक आधीच्या मालकानंच काढून ठेवला होता. पिठाच्या गिरणीचा जुना सुती पट्टा मिळाला. तो कापून ब्रेकच्या लायनरच्या जागी तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकला. आता आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू देवापुढं ठेवल्याशिवाय वापरत नाहीत, मग ते कपाट असो की चमचा. अव्वानं, म्हणजे आईनं, ब्रेक देवघरात नेले. सकाळी काढले तर त्यांच्यावर हळद, कुंकू, विभूतीची तीन बोटं, सगळं साग्रसंगीत! मीही हात जोडले आणि तसेच चाकात बसवले.

अप्पा धोतर खोचून मागं बसले. माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला. निघालो! गाडी अशी पळाली की अप्पा चक्क "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी जन्मात ऐकलेलं नाही.

गावाबाहेरच्या स्पीडब्रेकरवर 'ठण्ण' वाजलं.

"काय पडलं रे?"

"आपलं न्हाई, अप्पा."

आरशात बत्ता रस्ता ओलांडून निवांत गटारीकडे चालला होता. म्हणजे किक गेली. म्हणजे इंजिन एकदा बंद पडलं की गाडी ढकलूनच चालू करावी लागणार. बरं, ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडायचं, हा तिचा जुना स्वभाव!

शेत आलं. मी ब्रेक दाबला. पाय पार खाली गेला, गाडी मात्र आपल्या नादात. पुन्हा दाबला. मागून करडीच्या तेलाचा वास आला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अव्वानं हळदीआधी तेलही लावलं होतं! आणि तो सुती पट्टा रात्रभर ते पीत बसला होता!

"आरं, शेत गेलं की!"

"इंजिन गरम व्हायला पायजे, अप्पा. जरा पुढं जाऊन येऊ!"

इंजिन बंद केलं असतं तर गाडी थांबली असती, नाही असं नाही. पण थांबणं म्हणजे ढकलणं, आणि ढकलणं म्हणजे भंगार! मी थांबलो नाही.

पुढच्या फाट्यावर शरणम्मा आत्या घरासमोर उभी होती. तिनं हात केला.

"थांब की, शरणम्मा हाय!"

"येताना थांबू!"

मुक्रमाबादच्या अलीकडे एका रिकाम्या मैदानाला प्रदक्षिणा घालून गाडी वळवली. येताना आत्या चहाचा कप घेऊन पार रस्त्यात आली होती. तिला चुकवून निघालो. अप्पांनी डोळे मिटले होते, मान माझ्या पाठीवर टेकली होती, ओठ नुसते हलत होते. पंचाक्षरी जप चालला होता हो! पण आत्यानं तेवढंच पाहिलं आणि उदगीरला फोन लावला. अप्पांना ती अण्णा म्हणते. "अण्णाला पोरगं दवाखान्यात घेऊन चाललंय! शुद्ध न्हाई!"

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा दुकानासमोर सगळे भाऊबंद जमलेले. बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले. "बाजूला व्हा!" मी ओरडलो. लोकांना वाटलं, पेशंटला वाट करून द्या म्हणतोय. त्यांनी अदबीनं वाट करून दिली. वाटेच्या शेवटी सकाळीच उतरवलेली ॲल्युमिनियमची पातेली होती. रचून ठेवलेली.

तो आवाज मी वर्णन करून सांगत नाही. थकलोय.

धूळ बसली. अप्पा पातेल्यांच्या ढिगात मांडी घालून बसलेले, मांडीवर एक झाकण. मी त्यांच्या शेजारी, कंबर धरून.

"अण्णा, कसं वाटायलंय?" कुणीतरी रडत विचारलं.

"मला काय धाड भरली?" अप्पा गरजले.

अव्वा धावत आली. "म्या ब्रेकला चांगलं वाटीभर तेल लावलं होतं, अडकू नये म्हणून! तरी आसं कसं झालं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुला थांबायला येत नव्हतं?"

"न्हाई, अप्पा."

"आन् मघाशी ठण्ण वाजलं ते?"

"किक पडली."

आता गाडी गेली, असं मी मनाशी धरलं. अप्पा झाकण बाजूला ठेवून उठले. धोतर झटकलं. गाडीभोवती एक चक्कर मारली. ती आमच्या दुकानाच्या पायरीला टेकून उभी होती.

"ढकलावी लागली का कुठं?"

"न्हाई."

"मग शब्द म्हणजे शब्द. गाडी ऱ्हाईल. कोपराबी तुझा."

मी सरळ पाया पडलो. कंबर तिथंच अडकली, त्यामुळे बराच वेळ पाया पडत राहिलो.

"आता एक सांग," अप्पा वरून म्हणाले. व्यापारी माणूस, गिऱ्हाइकाचा अंदाज घेतल्याशिवाय राहतोय होय! "उदगीर, देगलूर, कंधार, पार नांदेड-लातूरपतोर अशा जुन्या गाड्या हायत तरी किती? आपली धरून."

चौकशी मी कधीच करून ठेवली होती. फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"आपली धरूनच एक, अप्पा."