पूर्ण समाधान होईपर्यंत

काटकसर हा गुण नसून ती एक साधना आहे, असं नृसिंहराव मानत. या साधनेतले कष्ट घरातल्या इतरांना पडतात, हे निवेदिताला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. त्यानंतर सावेडीतल्या त्यांच्या फ्लॅटचा पंखा दोनच्या पुढे कधी गेला नाही.

म्हणूनच वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नृसिंहरावांनी "आपण गाडी घेतोय" असं जाहीर केलं, तेव्हा निवेदिता गॅस बंद करून बाहेर आली आणि आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. गाडी ही चैन नसून बचत आहे, असं त्यांनी तिला समजावलं. मात्र गाडी लहान हवी. जितकी गाडी लहान तितकं पेट्रोल कमी, आणि तितके नातेवाईकही कमी.

नृसिंहराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. त्यांनी पिवळी फाईल उघडली आणि चार महिने तीत पाच छोट्या गाड्यांचे कागद लावले. एक गाडी स्टेपनी देत नाही म्हणून बाद झाली. दुसरी तिच्या माहितीपत्रकाचा कागद फार गुळगुळीत होता म्हणून बाद झाली. कागदावर एवढा खर्च करणारे पत्र्यावर काय करणार, असा शेरा त्यांनी मारला. शेवटी एक पांढरी गाडी उरली. लिटरला चोवीस किलोमीटर, असा तिचा दावा होता. पण कागदावरचं पाणी आणि कालव्याच्या चारीतलं पाणी यांचा मेळ बसत नाही, हे तीस वर्षं पाहिलेला माणूस चोवीसवर विश्वास ठेवणार नव्हता.

नेमकी तेव्हाच शोरूमची जाहिरात आली. 'आपलं पूर्ण समाधान होईपर्यंत टेस्ट ड्राइव्ह.' नृसिंहरावांनी ती दोनदा वाचली आणि खाली लाल रेघ मारली. मजकुरात किलोमीटरची मर्यादा कुठेही नमूद नव्हती.

त्यांचं समाधान घाटात आणि भरल्या वजनाने होणार होतं. घाट जेऊरच्या पुढे इमामपूरला होता. आणि वजन घाटापलीकडे, सासुरवाडीला होतं. दर वर्षी सासरे आबासाहेब लेकीसाठी ज्वारीची दोन पोती काढून ठेवत आणि ती आणायला नृसिंहरावांना टेम्पो करावा लागे. जाताना रिकामी गाडी, येताना भरलेली. मायलेज दोन्ही बाजूंचं कळणार, टेम्पो वाचणार आणि पेट्रोल शोरूमचं. इतकी निर्दोष योजना त्यांना नोकरीतसुद्धा कधी सुचली नव्हती.

शोरूमने सिमरन नावाची मुलगी बरोबर दिली. ती चालवत होती आणि नृसिंहराव शेजारी बसून मायलेजच्या आकड्यावर डोळा ठेवून होते. निवेदिता मागे बसली होती. एमआयडीसी मागे पडल्यावर सिमरनने विचारलं, की सर, इथून वळायचं का. नृसिंहराव म्हणाले, अजून समाधान झालेलं नाही. जेऊरलाही झालं नाही. घाटात त्यांनी एसी बंद करायला लावला, आणि खिडक्या उघडल्या तर वारा अडतो म्हणून त्याही बंद ठेवायला लावल्या. घाट संपला तेव्हा सिमरनचा मेकअप उतरला होता आणि आकडा अठरावर आला होता.

आबासाहेब ओट्यावर बसले होते. आपल्या दारात पांढरी गाडी थांबते, तिच्यातून जावई उतरतो आणि मागून लेक उतरते, हे त्यांनी पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. एरवी त्यांना उठायला काठी लागत असे.

"गाडी घेतली?" त्यांनी विचारलं.

नृसिंहरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण त्याआधीच आबासाहेबांनी पलीकडच्या गोजरबाईला हाक मारली होती. गोजरबाई ताट, नारळ आणि निम्मी गल्ली घेऊन आली.

"आबा, ऐका तर," निवेदिता म्हणाली.

"काय ऐकू, बाई?" आबासाहेब बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले. "बावीस वर्षं तुम्ही एसटीनं येता. फाट्यापासून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत येता. मी इथून बघतो आणि आत जाऊन बसतो. बापाला बघवत नाही म्हणून. बोललो कधी?"

निवेदिताने गोजरबाईच्या ताटातला झेंडूचा हार उचलला आणि गाडीच्या दारावरच्या 'टेस्ट ड्राइव्ह' या अक्षरांवर नीट, दोन्ही टोकं घट्ट बांधून, सोडला. बावीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला न विचारता घेतलेला हा पहिला निर्णय होता.

गोजरबाईने बॉनेटवर हातभर स्वस्तिक काढलं. सिमरन घाबरून म्हणाली, "मावशी, जरा हळू, डाग राहील."

"राहावा म्हनूनच तेलात कालवलंय," गोजरबाई म्हणाली. "कोरडं कुकू पावसात जातंय. ह्ये लई टिकतंय. तू डायवर हाय व्हय गं? बेस झालं. बाईमानूस जपून चालिवतं."

चाकाखाली लिंबं ठेवली गेली, नारळ फुटला. तेवढ्यात गड्याने ज्वारीची पोती आणली. डिकीत एकच मावलं. दुसरं मागच्या सीटवर ढकलताना त्याची शिवण उसवली आणि पायलीभर ज्वारी गाडीच्या अशा अशा फटींत गेली, की त्या फटी कंपनीलाही ठाऊक नसाव्यात.

इथवर सगळं धुण्यासारखं होतं. पण आबासाहेबांनी फोन लावला. तो रंगनाथरावांना होता. रंगनाथराव म्हणजे धाकटे जावई. त्यांची सात माणसं बसणारी गाडी होती आणि ती बोलण्यात पाचव्या मिनिटाला यायची. येत्या रविवारी त्याच गाडीतून सगळे मोहट्याच्या देवीला जाणार होते.

"रंगनाथराव, रविवारी तुमची गाडी नको," आबासाहेब गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "थोरल्यांनी घेतलीय. तुम्हीही दोघं यातच बसा. जरा दाटीवाटीनं जाऊ."

परतीचा घाट पार झाला. आकडा पंधरावर होता. नृसिंहरावांनी तो वहीत लिहिलाही नाही. एकदा सिमरनने विचारलं, की मॅनेजर सरांना काय सांगू. नृसिंहरावांनी खिशातून जाहिरात काढून तिच्यासमोर धरली. निवेदिता मागे पोत्याला टेकून बाहेर बघत होती.

शोरूममध्ये दोन माणसांनी बॉनेट शाम्पूने, मग पेट्रोलने, मग थिनरने पुसलं. कुंकू निघालं नाही, पसरलं. गाडी पुढून गुलाबी झाली. मॅनेजर शांत माणूस होता. ही गाडी आता दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही, असं त्याने सांगितलं. रंगाचे पैसे भरा, नाहीतर गाडीच घ्या. नृसिंहरावांनी मर्यादा नमूद नसल्याचा मुद्दा मांडला. मॅनेजरने ज्वारीचा मुद्दा मांडला. अर्धा तास हेच चाललं.

"अहो," शेवटी निवेदिता म्हणाली, "पंखा मी एकवर चालवीन. पण रविवारी आबांच्या दारात हीच गाडी उभी राहिली पाहिजे. आणि ते कुंकू पुसायचं नाही."

नृसिंहरावांनी बायकोकडे पाहिलं. मग पिवळी फाईल उघडली आणि ते खऱ्या अर्थाने कामाला लागले. गाडी वापरलेली आहे. नाव शोरूमचं, म्हणजे आपण दुसरे मालक. बॉनेट गुलाबी. दारात हार अडकला आहे. एसी लावला की ज्वारी उडते, हे त्यांनी मॅनेजरला आत बसवून दाखवलं. एकेका मुद्द्यावर किंमत उतरत गेली. शेवटी ती अशा ठिकाणी येऊन थांबली, की मॅनेजरने सही करताना वर पाहिलं नाही. टेम्पोही वाचला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात ही हकिगत तीनदा सांगण्यात आली. स्वस्तात छोटी गाडी कशी घ्यावी, याबद्दल कनिष्ठ लिपिकांनी त्यांच्याकडून टिपणं घेतली.

रविवारी ठरल्याप्रमाणे सगळे मोहट्याला जाऊन आले. आबासाहेब पुढे बसले होते. वाटेत प्रत्येक फाट्यावर त्यांनी काच खाली करून ओळखीच्या माणसांना गाडी कुणाची ते सांगितलं.

चालवायला रंगनाथराव होते. नृसिंहरावांना गाडी चालवता येत नाही.