कोशाचे पारायण

सकाळी साडेनऊला शंभुलिंग माळवदावर चढला आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. काल उन्हात पसरून ठेवलेले सहा खंड तिथे नव्हते. खंडही साधेसुधे नव्हेत. तत्त्वज्ञान, धर्म आणि समाजविचार यांचा अख्खा कोश, एकेक खंड दोन विटांच्या वजनाचा, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर शंभुलिंगनेच मारलेला लाल शिक्का: 'संदर्भ ग्रंथ. वाचनालयाबाहेर नेऊ नये.'

येरमाळ्याच्या अलीकडे असलेल्या त्या गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल, झाडूवाला आणि वर्तमानपत्रांच्या घड्या घालणारा, असे तिघेही एकटा शंभुलिंगच होता. आज अकरा वाजता धाराशिवहून महेश्वरी मॅडम तपासणीला यायच्या होत्या. संदर्भ विभाग जागेवर दिसला नाही तर वाचनालयाचा 'ब' वर्ग जाणार होता आणि त्याच्या मागोमाग शंभुलिंगची एकोणीस वर्षांची नोकरी. कपाटाला ओल येऊन कोशाला कुबट वास सुटला होता. तो मॅडमच्या नाकात जाऊ नये म्हणून तर त्याने शिक्का धाब्यावर बसवून खंड घरी आणले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अव्वा, माळवदावरची पुस्तकं कुठं गेली?"

"पुस्तकं काय म्हणतूस? ग्रंथ म्हण," भाकरी थापता थापता चन्नम्मा म्हणाली. "मठात दिलेत. पहाटं सप्ताह बसला न्हवं का? वाचणारी मान्सं जास्त अन् ग्रंथ कमी पडले. हणमंतप्पा काका दारात येऊन उभं ऱ्हायले. घरात सहा ग्रंथ असताना न्हाय कशी म्हणू? लाल फडक्यात बांधून दिले."

"अगं, ते पारायणाचे न्हाईत!"

"एवढं जाड हाय, म्हंजी देवाचंच असणार. बारीक असत्यात ती शाळेची."

चन्नम्माला अक्षरओळख नव्हती, पण वजनओळख पक्की होती.

शंभुलिंग चपला न घालताच मठाकडे पळाला. मठातला शिवनाम सप्ताह सात दिवस अखंड चालतो आणि त्याचे दोन नियम गावात पाळण्यातले पोरही जाणते. पाटावर पुजलेला ग्रंथ समाप्तीपर्यंत जागचा हलवायचा नाही. आणि वीणा जमिनीला टेकवायची नाही. ज्याच्या गळ्यात ती पडली, त्याने दुसरा कुणी घेईपर्यंत नाम घेत उभे राहायचे.

मठात सहा पाट मांडलेले, पाटांवर सहा खंड, लाल शिक्क्यावर भस्माची तीन बोटे आणि वर बेलाचे पान. शंभुलिंगने ते डोळे भरून पाहिले, कारण पुढचे काही सुचेना. तेवढ्यात किराणा दुकानवाल्या सिदूने आपल्या गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात अडकवली.

"लई बरं झालं आलास. धर जरा, तांब्याभर पाणी पिऊन आलो," असे म्हणून तो जो गेला, तो गेलाच.

"ओम नमः शिवाय... काका, ते ग्रंथ... ओम नमः शिवाय... सरकारी हाईत!" शंभुलिंग कळवळून म्हणाला.

"शंकराहून मोठं सरकार कुठलं?" हणमंतप्पांनी चष्म्यावरून पाहिले. "ओवी न्हाय यात, मान्य. पर अर्थ लई खोल हाय. एकेक वळ तीनदा वाचावी लागती. नाम बंद पडू देऊ नगंस."

वीणा छेडत उभ्या राहिलेल्या माणसाला ऐकण्यावाचून दुसरा धंदा नसतो. शंभुलिंगच्या कानावर एकेक शब्द पडू लागला. मेंढरे राखणारा बब्रुवान पहिल्या खंडातला अज्ञेयवाद खड्या आवाजात वाचत होता. देव आहे की नाही हे माणसाला कळूच शकत नाही, असे त्याने शिवलिंगासमोर बसून वाचले आणि बायकांनी भक्तिभावाने हात जोडले. गजराबाई चौथ्या खंडातल्या मातृसत्तेपाशी पोचल्या होत्या आणि शेजारच्या पाटापुढचा त्यांचा नवरा रामहरी आपला पाचवा खंड फारच हळू वाचत होता. दुसऱ्या खंडावर निकिता, तिसऱ्यावर स्वतः हणमंतप्पा. सहाव्यापुढे कुणीच नव्हते.

एकोणीस वर्षे आपण ज्यांच्यावरची नुसती धूळ झटकली, त्यांच्या पोटात हे सगळे होते? शंभुलिंग थक्क झाला. अंगावर काटा आला आणि नाम घ्यायचे क्षणभर राहूनच गेले.

मग त्याला दुसरी गोष्ट आठवली आणि काटा वेगळ्या कारणाने आला. ती होती संदर्भ वाचकांची वही. रोज निदान पाच वाचक हवेत असा नियम आणि त्या कपाटाकडे एक माणूस फिरकायचा नाही. म्हणून शंभुलिंग रोज संध्याकाळी ओठावर येतील ती पाच नावे लिहून मोकळा व्हायचा. हणमंतप्पा, बब्रुवान, गजराबाई, रामहरी. निकिता लग्न होऊन गावात आल्यावर पाचवे नाव तिचे झाले होते. ती वही उघड्या वाचनालयात टेबलावरच राहिली होती.

सव्वाअकराला महेश्वरी मॅडम मठाच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तीच वही त्यांच्या हातात होती.

"ग्रंथपाल कोण? कपाट रिकामं, आणि वहीत बारा महिने तीच पाच नावं! सगळं गाव मठात आहे म्हणे. अशी माणसं आहेत तरी का, तेच बघायला आलेय मी."

"म्याच बब्रुवान," बब्रुवान बोट पानावर ठेवूनच म्हणाला.

"गजराबाई मी. हे आमचं मालक."

मॅडमनी वहीत पाहिले, पाटांकडे पाहिले, पुन्हा वहीत पाहिले. पाचही नावे पाच खंडांपुढे मांडी घालून बसलेली होती. शंभुलिंगच्या जिवात जीव आला.

"पाव्हण्या आल्यात, वीणेचा मानाचा पहारा द्या त्येनला," हणमंतप्पा म्हणाले. मॅडम चपला काढून आत आल्या, कपाळाला भस्म लागले, आणि काही कळायच्या आत शंभुलिंगच्या गळ्यातली वीणा त्यांच्या गळ्यात गेली. वही शंभुलिंगकडे आली. पेन मॅडमच्या पर्समध्ये राहिले आणि पर्स निकिताकडे.

"काय वाचलंत, सांगा बरं," मॅडमनी तारा छेडत विचारले.

"एक मानूस म्हणतो, देव हाय का न्हाय ते कळायचंच न्हाय. लई धाडसाचा मानूस. म्या मेंढरामागं रातच्याला चांदण्या बघताना हेच मनात आणायचो, पर बोलायचं भ्या वाटायचं. मोठ्या ग्रंथात लिवलंय म्हंजी आपुन काय येडं न्हाय."

मॅडम बब्रुवानकडे बघतच राहिल्या. शंभुलिंगला वाटले, आपण तरलो. पण बब्रुवानचे बोलणे संपले नव्हते.

"अन् ग्रंथ कसा, कोरा करकरीत! पानं समदी एकमेकाला जोडलेली व्हती. पहाटंपासनं ब्लेडनं सोडवाया लागलो तवा कुटं वाचाया घावलं."

मॅडमनी मान वळवली.

"बारा महिने रोज वाचतायत ना हे लोक, शंभुलिंग?"

शंभुलिंगने वही छातीशी धरली. खोटे बोलायला ही जागा नव्हती आणि खरे बोलायला जीभ रेटेना. "मॅडम, कुणी येतच नव्हतं. नावं म्याच लिहायचो," तो कसाबसा म्हणाला.

मॅडमचा हात शेरा लिहायला उठला आणि वीणेच्या तारांवर आपटला. ती खाली ठेवता येत नव्हती, आणि पाणी प्यायला गेलेला सिदू अजून पाणीच पीत होता.

एवढ्यात भाकरीचे टोपले घेऊन चन्नम्मा आली. तिने सहाव्या पाटाकडे बघून कपाळाला हात लावला.

"अरं, अजून बसला न्हाईस व्हय? त्यो एक मी तुझ्यासाठी राखून ठेवाय लावला हुता. बाई, सगळा जलम ग्रंथात गेला बघा माझ्या लेकाचा. दुसऱ्यांची धूळ पुसताना त्येला वाचाया कदी घावलंच न्हाय."

मॅडमच्या बोटांखाली तारा वाजत राहिल्या.

"बसा," शेवटी त्या म्हणाल्या. "माझे हात गुंतलेत, तोवर वाचून घ्या. शेऱ्याचं नंतर बघू."

बब्रुवानने आपले ब्लेड पुढे केले. शंभुलिंग सहाव्या पाटापुढे बसला आणि त्याने पहिले जोडपान सोडवले. आत 'शून्य' निघाले. शून्य म्हणजे काहीच नसणे नव्हे, असे तिथे लिहिले होते. ज्याच्यातून सगळे निघते आणि ज्याच्यात सगळे परत जाते, त्यालाही काही विचारवंत शून्यच म्हणतात. ते वाक्य त्याने तीनदा वाचले. तिसऱ्यांदा बाकीचे पाचही जण आपापला खंड थांबवून ऐकत होते.

तासाभराने सिदू मिशा पुसत आला आणि त्याने हात पुढे केले. "द्या मॅडम, सुटलात तुमी."

"थांबा हो," महेश्वरी मॅडम त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. "एवढं शून्य पुरं होऊ द्या."