कुनमिंगची हवा

"पंगताई, कुनमिंगची हवा म्हणजे काय सांगू तुला! आणि नातू तर मला घटकाभर सोडत नाही," नवऱ्याने, शाओने, तिच्या तोंडाशी धरलेल्या फोनमध्ये युझेनने निरोप बोलून टाकला. "पाठव रे. आणि लगेच बंद कर, नाहीतर डॉक्टरांचा खोकला ऐकू जाईल."

युझेन कुनमिंगला नव्हती. ती छेंगदूमध्येच, मुद्दाम घरापासून लांब शोधलेल्या एका सुयांच्या दवाखान्यात उताणी पडलेली होती. मनगटांत सुया, गुडघ्यांखाली सुया आणि केमोने गुळगुळीत केलेल्या डोक्याच्या मधोमध एक सुई. केमोपासून पाण्याचा घोट घेतला तरी पोट ढवळायचं. या सुयांनी निदान भाताची पेज पोटात राहू लागली होती.

कुनमिंगच्या नातवाचं निमित्त तिने नाचातली जागा राखण्यासाठी काढलं होतं. रोज संध्याकाळी चौकात बायकांचा नाच चाले आणि पहिल्या रांगेत मधोमध युझेन असे. आजार कळला असता तर सगळ्या अंडी घेऊन घरी आल्या असत्या, "बिचारी" म्हणाल्या असत्या आणि तिला प्रेमाने शेवटच्या रांगेत नेऊन उभं केलं असतं. कर्करोग ती कसाबसा सोसत होती, पण ते "बिचारी" तिला सोसवणार नव्हतं. मग थाप वाढत गेली. कुनमिंगहून येणाऱ्या माणसाने तिथले गुलाबाचे केक आणायचे नाहीत म्हणजे काय? बिचाऱ्या शाओने ते घरबसल्या मागवले. आता घरी पलंगाखाली खोक्यांची चळत लागली होती आणि त्या वासाने युझेनला आणखीच मळमळत होतं.

"पंगताईचं उत्तर आलं," शाओ म्हणाला. "'मजा कर' एवढंच लिहिलंय."

"लिहिलंय! पूर्वी अर्धा अर्धा तास बोलून पाठवायची. माझ्या जागी उभी राहिली आणि शिंगं फुटली बाईला. नाचते कशी ठाऊक आहे ना? बदक चिखलातून निघाल्यासारखी!"

"हळू बोल गं. पडद्यापलीकडे माणूस आहे."

"असू दे की. इथं आपल्याला कोण ओळखतंय?"

एवढ्यात घंटा कोकलायला लागली.

दवाखान्यात दिवसभर औषधी पाल्याची धुरी चाले, म्हणून छतावरच्या धुराच्या घंटेला डॉक्टर यान यांनी न्हाणीघरातली प्लॅस्टिकची टोपी घालून ठेवली होती. इमारतीचा नवा रखवालदार त्याच सकाळी ती काढून, झटकून, नीट घडी करून ठेवून गेला होता. आता तोच हातात कर्णा घेऊन दारात उभा राहिला. "सगळे बाहेर! ताबडतोब!"

"अहो, धुरी आहे ती! आग नाही!" डॉक्टर ओरडले.

"नियम म्हणजे नियम!"

"सुया तरी काढू द्या!"

"सुया बाहेर जाऊन काढा!"

पाच मिनिटांत अख्खा दवाखाना फुटपाथवर उभा होता. कुणाच्या पाठीत सुया, कुणाच्या कानात सुया. एका गृहस्थांच्या कमरेत इतक्या होत्या की ते विजार हातात धरून उभे होते. युझेनची विजार गुडघ्यापर्यंत वर होती आणि सुया हलू नयेत म्हणून हात ताटासारखे पुढे धरलेले. तिची डोकं झाकायची टोपी आतच राहिली होती. ती आणायला शाओ आत घुसू पाहत होता आणि रखवालदार त्याला कर्ण्यातूनच नाही म्हणत होता. समोर बस थांबली. सगळ्या खिडक्यांतून फोन बाहेर आले. युझेनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने रस्त्याकडे पाठ केली.

आणि समोर पंगताई उभी.

पंगताईच्या डाव्या गालात, कपाळात, हनुवटीत सुया होत्या. तोंड उजवीकडे सरकलं होतं, डावा डोळा मिटत नव्हता आणि त्यातून पाणी गळत होतं. चेहऱ्यावरून वारं गेलं होतं बाईच्या.

युझेनला पहिल्याप्रथम काय वाटलं असेल? बरं वाटलं. आता पहिल्या रांगेत हीही नाही, असं वाटलं. मग लगेच त्या वाटण्याची इतकी लाज वाटली की कानांच्या पाळ्या तापल्या.

"क... कधीपासून?" तिने विचारलं.

"पंधरवडा झाला. तुझ्या शेजारच्याच खाटेवर असते," पंगताई अर्ध्या तोंडाने म्हणाली. शब्द एका बाजूने सांडत होते. "तोंड असं, म्हणून लिहून पाठवायचे. चौकात सांगितलंय, लेकीकडे गेलेय."

म्हणजे नातू ऐकला. हवा ऐकली. बदकही ऐकलं. युझेनने मान खाली घालू पाहिली, पण डोक्यातल्या सुईने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

"ते बदकाचं... मी आपलं..."

"खरं आहे ते. गुडघे दुखतात माझे."

पंगताईने गळ्यातला रुमाल सोडला आणि युझेनच्या डोक्यावर टाकायला गेली.

"अगं सुई, सुई!" युझेन किंचाळली.

तेव्हा पंगताईने तिच्या बाजूला येऊन दोन्ही हात वर करून रुमाल बसच्या बाजूने पडद्यासारखा धरला. ती स्वतः मात्र बसच्या पुढ्यात उघडी पडली. तिचा सुयांचा गाल आणि वाकडं तोंड आता सगळ्या फोनांत जात होतं. हात भरून आले तरी तिने ते खाली घेतले नाहीत.

युझेनला ते बघवेना. एवढी लाज वाटली की ती चिडलीच.

"आणि रडू नकोस माझ्यासाठी! 'बिचारी' म्हणायचं काम नाही!"

"कोण रडतंय? हा डोळा आजारानं गळतो. डॉक्टरांना विचार."

युझेनचा जीव भांड्यात पडला. तिने मान न हलवता नजर जरा बाजूला नेली.

पंगताईचा उजवा डोळाही गळत होता.