जागा उरली तर

विमान कंपनीचे मुख्य अधिकारी राजीनामा देऊन गेले आणि विमानतळावरच्या मागच्या खोलीत लगेच नव्या मुख्य अधिकाऱ्याची निवड सुरू झाली. तसा अधिकार त्या खोलीतल्या कुणालाच नव्हता, त्यामुळे सगळे अगदी मोकळेपणानं बोलत होते.

"साहेब असा हवा, ज्यानं जन्मात एकदा तरी स्वतःची बॅग स्वतः उचललीय," सामान चढवणाऱ्यांचा मुकादम म्हणाला.

"विमान उशिरा असलं की त्यानं स्वतः गेटवर उभं राहून शिव्या खाव्यात. बाकी माझं काही म्हणणं नाही," धाकटी म्हणाली. ती गेटवर असायची. मोठ्या बाईंनी तिला हाताला धरून काम शिकवलं, म्हणून ती धाकटी.

मोठ्या बाई स्वतः काउंटरवर होत्या, आणि तिथल्या खुर्च्यांपेक्षाही जुन्या होत्या. "कुणीही येऊ दे," त्या म्हणाल्या, "फक्त कात्री नको."

यावर मात्र एकमत झालं. कात्री म्हणजे कंपनीचे हिशेबप्रमुख. त्यांनी आधी प्रवाशांच्या उशा कापल्या, मग पाणी कापलं, मग माणसं कापायला घेतली. इंधनाचे टँकर चालवणारे त्यांनी एका कंत्राटदाराच्या गळ्यात बांधले आणि कंत्राटदारानं त्यांना घरी बसवलं. त्यांत मोठ्या बाईंचा नवराही होता. आता कात्रीची नजर लहान विमानतळांच्या काउंटरांवर होती. कात्री खुर्चीत बसली की बाईंची नोकरी गेलीच, आणि त्यांच्या घरात आता तेवढा एकच पगार येत होता.

त्याच संध्याकाळी मुख्यालयातून फर्मान आलं. संचालक मंडळाला कर्मचाऱ्यांची मतं जाणून घ्यायची होती. प्रत्येक विमानतळावरून एकानं उद्या दुपारी मुख्यालयात येऊन बोलावं. फोनवर मत ऐकलं जाणार नाही. प्रवास नेहमीप्रमाणे, म्हणजे विमानात जागा उरली तर.

कंपनीत हा रिवाजच होता. कर्मचाऱ्याला प्रवास फुकट, पण सगळे तिकीटवाले बसल्यावर एखादी खुर्ची रिकामी राहिली तरच. लग्न असो, मयत असो, गेटच्या बाजूला चेहऱ्यावर हसू ठेवून उभं राहायचं. नव्या पोरांना हा नियम बाईच शिकवत. "दार बंद होईपर्यंत खुर्ची तिकीटवाल्याची. समोर सख्खी आई असली तरी उठवायचं," असं त्या बजावत, आणि पोरं मुकाट्यानं माना हलवत.

"बाई, तुम्हीच जा," मुकादम म्हणाला. "तुम्ही बोललात की समोरच्याला खाली बघावं लागतं."

"आणि गेल्यासारखं सगळं सांगून या," धाकटी म्हणाली.

सकाळी नवऱ्यानं बाईंना स्कूटरवरून सोडलं. "माझ्याबद्दल रडगाणं गाऊ नकोस," तो म्हणाला. "गेलं ते गेलं. तुझं तेवढं वाचव."

बाई आत शिरल्या आणि जागच्या जागी थबकल्या. रांग दरवाज्यापर्यंत आली होती. एरवी सकाळचं विमान निम्मं रिकामं जायचं. आज मात्र कात्रीनं सगळ्या मार्गांवर एका दिवसापुरती निम्म्या भाड्यात तिकिटं विकायला काढली होती. संचालक मंडळ बसणार त्याच दिवशी.

काउंटरवरचा पोरगेला कारकून घामाघूम झाला होता. "बाई, जरा हात द्या ना. नाहीतर विमान लटकेल."

इतक्या वर्षांची सवय. बाईंनी पर्स खाली ठेवली आणि कामाला लागल्या. हात सराईत, रांग भराभर सरकली. वेळेच्या आत शेवटच्या माणसाला पास मिळाला आणि बाईंनी पडद्यावर पाहिलं तर विमान गच्च भरलेलं. आपली खुर्ची आपणच कुणाला तरी खिडकीजवळची म्हणून हसतमुखानं देऊन टाकली, हे त्यांना तेव्हा कळलं.

"आता पुढच्या विमानानं जा," कारकून म्हणाला. "मी येऊ देत नाही कुणाला."

"तू कोण रे येऊ न देणारा? तिकिटं काढलीयत लोकांनी."

पुढच्या विमानाला एक खुर्ची उरली. एकच, तीसुद्धा शेवटच्या ओळीत. बाईंच्या जिवात जीव आला. मुकादमानं प्रेमानं त्यांची बॅग स्वतः उचलली. "बाईंची बॅग आहे, धक्का लागता कामा नये," असं म्हणून त्यानं ती पार आत, सगळ्या सामानाच्या मागे ठेवली. बाई विमानात बसल्या. पट्टा बांधला. आणि मंडळासमोर काय बोलायचं ते मनात जुळवू लागल्या. सुरुवात सौम्य करायची, मग उशांवर यायचं, मग माणसांवर.

तेवढ्यात धाकटी आत आली. तिच्या मागे एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत उभे होते.

"बाई," धाकटी म्हणाली आणि तिनं मागे गृहस्थांकडे पाहिलं.

"तिकीट आहे त्यांच्याकडे?"

"आहे."

"दार बंद झालं होतं?"

"नव्हतं, बाई. मी खोटं सांगते की झालं होतं. सांगू?"

बाई पट्टा सोडून उठल्या. "मग तुला इतके दिवस शिकवलं ते काय," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या शिकवण्याचा मनापासून राग आला.

"तिकडे तातडीचं काम आहे का हो?" खुर्चीतून बाहेर पडता पडता त्यांनी गृहस्थांना विचारलं.

"छे हो, काम कसलं," गृहस्थ आरामात बसत म्हणाले. "स्वस्त होतं म्हणून काढलं. संध्याकाळी परत."

इथंच संपलं असतं तरी चाललं असतं. पण माणूस उतरला की त्याची बॅगही उतरवावी लागते, हा नियम कंपनीचा नव्हे, साऱ्या जगाचा. आणि बाईंची बॅग मुकादमानं जिवापाड जपून सगळ्यांच्या मागे ठेवलेली. ती काढायला अर्धं विमान रिकामं करावं लागलं. आतले प्रवासी खिडक्यांतून बघत होते. कुणीतरी विचारलं, कशामुळे उशीर? हवाई सुंदरीनं खरं ते सांगितलं, की एका कर्मचारी बाईंमुळे. मग ज्या शिव्या मुख्य अधिकाऱ्यानं खाव्यात अशी धाकटीची इच्छा होती, त्या विमानाच्या शिडीशी बॅगेची वाट बघत उभ्या असलेल्या बाईंनी खाल्ल्या.

मुकादम बॅग घेऊन आला. त्याला वर बघवेना. "जपून ठेवली होती हो," एवढंच तो म्हणाला.

त्यापुढचं विमान मुख्यालयाच्या गावी संध्याकाळी पोहोचणार होतं. तरी बाई त्यालाही उभ्या राहिल्या. तेही भरलं.

दुसऱ्या दिवशी मुख्यालयातून निकाल आला आणि कारकुनानं तो मागच्या खोलीत मोठ्यानं वाचला. कर्मचाऱ्यांना मत मांडण्याची पूर्ण संधी देण्यात आली होती. एकाही विमानतळावरून कुणी आलं नाही, त्याअर्थी कुणाची हरकत नाही. मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांतर्फे हिशेबप्रमुखांचे स्वीय सहायक बोलले, कारण ते लिफ्टनं येऊ शकत होते. शिवाय त्या दिवशी कंपनीच्या एकाही विमानात एकही खुर्ची रिकामी नव्हती. असं कंपनीच्या इतिहासात प्रथमच घडलं. हे ज्यांनी घडवलं त्या हिशेबप्रमुखांची मुख्य अधिकारी म्हणून एकमतानं निवड होत आहे.

मुकादमानं तंबाखूची डबी उघडली आणि तशीच मिटली.

"पुढं आणखी आहे," कारकून म्हणाला. "त्या दिवशी सगळी विमानं वेळेवर सुटली. फक्त आपलं एक सोडून. म्हणून काउंटर कंत्राटदाराला द्यायची सुरुवात आपल्यापासून. महिनाअखेरीला."

धाकटी रडायला लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको. तू बरोबर केलंस," त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य आपल्याला अजूनही म्हणता येतं याचंच त्यांना नवल वाटलं.

घरी नवरा दारातच उभा होता. "कळलं काही?"

"कळलं. तोच झाला. आमच्या सगळ्यांच्या मतानं."

नवरा हसला, पण हसू फार टिकलं नाही. मग बाईंनी काउंटरचंही सांगितलं. त्यानं त्यांच्या हातातली पर्स घेतली, पाणी आणून दिलं आणि समोर बसला. घरी बसल्यापासून बाईंचा डबा तोच करायचा, आणि इतक्या महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता.

"मग उद्या डबा करू की नको?" त्यानं विचारलं.

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"कर. महिनाअखेरपर्यंत कर. मग दोघं घरीच गरम जेवू."