मेण लावलेली बरणी

"सिरका विकत काहून आणता? मी करून देतो," असं यशवंतरावांनी बचत गटाच्या भर बैठकीत सांगून टाकलं. पांढुर्ण्याच्या शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, पण निवृत्तीनंतर कोणी काही विचारत नव्हतं. गटाला कांद्याच्या लोणच्यासाठी दोन महिन्यांत सिरका, म्हणजे व्हिनेगर, हवा होता. अर्ध्या बायका त्यांच्याच विद्यार्थिनी, म्हणजे चुकलं तर नाक कापलं गेलंच.

त्यांनी गळालेल्या संत्र्यांचा रस काढला, गूळ घातला, खमीर टाकलं, बरणी बंद करून झाकणावर मेण ओतलं.

"एक जंतू आत जाता कामा नये," त्यांनी बायकोला, वच्छलाबाईंना बजावलं.

बाराव्या दिवशी झाकण उडालं ते थेट छताला लागून फुटलं. वास गल्लीभर गेला. शेजारचे तुळशीराम कुंपणावरून म्हणाले, "सर, मोहाची काढून राहिले का?" संध्याकाळी दोघं जण रिकामे गिलास घेऊन दारात उभे.

यशवंतरावांनी घराबाहेर पडणंच सोडलं. वच्छलाबाईंनी बरणी मागच्या पडवीत नेली. झाकण नव्हतं म्हणून जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. त्यावर चिलटं घोंगावत राहिली.

ठरल्या दिवशी गटाची अध्यक्ष नेहा आली. सर माफी मागायला उभे राहिले, तेवढ्यात वच्छलाबाईंनी बरणी समोर ठेवली. वर सायीसारखा पापुद्रा तरंगत होता. नेहानं चमचाभर चाखलं आणि तिचा जबडाच आवळला.

"सर, एकदम कडक सिरका हाये."

यशवंतराव बरणीवर वाकले. "या पापुद्र्यात बसलेत बघ ते जंतू. ना हात, ना पाय, ना पगार. दारूला हवेतला ऑक्सिजन लावून त्यांनी सिरका केला. एकतीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं, पाहतोय मात्र आज."

"जंतूंचं मले काय ठाऊक? मी तं फक्त फडकं बांधलं," वच्छलाबाई म्हणाल्या.

नेहा विचारात पडली. "सर, तुम्ही शिकवलेल्या समीकरणात ऑक्सिजन होता ना? मग तुम्ही मेण काहून लावलं होतं?"

यशवंतरावांनी चष्मा पुसला.

"हा प्रश्न," ते म्हणाले, "परीक्षेत कधी येत नव्हता."